पलटणीतला माणूस आणि गावची तिजोरी

सैनिकाचा पगार दिल्लीहून येतो आणि त्याचे पेन्शनही दिल्लीहूनच येते. परंतु पेन्शन घेणारा माणूस काही दिल्लीत राहत नाही. तो भिवापुरात राहतो. त्याच्या घरासमोरचा दिवा भिवापूरचा, नळाचे पाणी भिवापूरचे, पावसाळ्यात तुंबणारी नालीही भिवापूरचीच. म्हणजे ज्या सरकारसाठी त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली ते सरकार दूर, आणि ज्या सरकारशी त्याची रोज गाठ पडते ते गावचे. आता प्रश्न असा, की या गावच्या सरकारला, म्हणजे पंचायतीला, पलटणीतून परतलेल्या आपल्या माणसासाठी स्वतःच्या तिजोरीतून काही खर्च करता येतो काय? येत असेल तर कोणत्या अधिकाराने? आणि येत नसेल तर कोणी अडविले आहे? विषय दिसायला कोरडा आहे. कायदा आणि कलमे म्हटली की श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पण या कलमांच्या आड बराच जुना इतिहास दडलेला आहे, आणि तो आपल्याच मातीतला आहे.

मराठी राज्यात लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना वेतन किंवा जमीन देण्याची रीत होती. तिला 'बालपरवेशी' म्हणत. मूळ शब्द परवरिश, म्हणजे पालनपोषण. आपल्या दप्तरी भाषेने त्याला असे घरगुती रूप दिले. बालपरवेशी सरकारातून मिळे. पण त्याहून अधिक लक्ष देण्याजोगी गोष्ट इनामांची आहे. देशावरच्या जुन्या कागदपत्रांत इनामांचे दोन प्रकार स्पष्ट दिसतात. एक दिवाणनिसबत आणि दुसरे गावनिसबत. दिवाणनिसबत इनाम सरकार देई, आणि त्या जमिनीचा सारा सरकार स्वतः सोडून देई. गावनिसबत इनाम गाव देई. गावकऱ्यांनी एकत्र बसून देवळाला, एखाद्या कारागिराला किंवा गावाच्या उपयोगी पडलेल्या एखाद्या माणसाला गावच्या जमिनीतला तुकडा तोडून द्यायचा. पण सरकार आपला हिशेब बदलीत नसे. गावाचा एकूण सारा जेवढा ठरला तेवढा भरावाच लागे. म्हणजे त्या तुकड्याचा बोजा उरलेल्या गावावर पडे. सन्मान एकाचा, आणि त्याचा खर्च शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाटून घ्यायचा.

हा भेद श्रोत्यांनी कृपा करून लक्षात ठेवावा, कारण सैनिकाच्या सन्मानाचा जो जो निर्णय पुढे होतो, त्याला आम्हांला हाच प्रश्न विचारायचा आहे: हा सन्मान दिवाणनिसबत की गावनिसबत? देणारा कोण हे सहज कळते, कारण त्याचे नाव कागदावर मोठ्या अक्षरांत असते. भरणारा कोण, हे मात्र शोधावे लागते.

आता आपल्या भागाकडे वळू. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला. इंग्रजांनी येथे जी जमीनव्यवस्था घातली तिच्यात पटेलाला गावाचा मालक करून टाकले. तोच मालगुजार. जो पूर्वी सारा वसूल करून देणारा होता तो आता गावठाणाचा, पडीत जमिनीचा, झाडझाडोऱ्याचा धनी बनला. याचा परिणाम आपल्या विषयापुरता असा झाला, की गाव म्हणून गावाजवळ द्यायला काही उरलेच नाही. देशावरचा गाव निदान जमिनीचा तुकडा तोडून देऊ शकत होता. आपल्याकडे द्यायचे तर मालगुजाराने द्यावे, त्याच्या मर्जीने, त्याच्या नावाने. ही मालगुजारी १९५१ साली सुटली. तोवर सुमारे नव्वद वर्षे 'गावाचा हात' नावाची गोष्ट आपल्याकडे फार आखूड होती.

लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा. त्यापाठोपाठ १८८३ साली मध्यप्रांताचा कायदा झाला आणि जिल्हा कौन्सिले व त्यांच्या हाताखाली लोकल बोर्डे निघाली. भिवापूर तेव्हा उमरेड तहसिलीतले. या बोर्डांनी काय करावे? रस्ते, शाळा, दवाखाने, सराया, विहिरी, बाजार आणि कोंडवाडे. उत्पन्न कशाचे? साऱ्याबरोबर वसूल होणाऱ्या पट्ट्यांचे आणि कोंडवाड्यांचे. ज्या संस्थेची मिळकत अडवलेल्या गुरांच्या दंडावर मोजायची, तिच्याकडून सैनिकांच्या पुनर्वसनाची अपेक्षा करणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडणेच. आणि तशी अपेक्षा कोणी केलीही नाही. पलटण सरकारची, शिपाई सरकारचा, आणि लोकल बोर्डाने आपली गुरे राखावीत, असा हा कारभार होता.

याच्या उलट रीत जगात कोठे नव्हती असे मात्र नाही. गंमत अशी, की ज्या इंग्रजांनी आपल्याला ही रीत घालून दिली, त्यांच्याच देशात तिच्या अगदी उलट रीत तीनशे वर्षे आधी चालू झाली होती. १५९३ साली एलिझाबेथ राणीच्या पार्लमेंटने कायदा केला, की लढाईत जायबंदी झालेल्या शिपायांच्या पोटासाठी प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या प्रत्येक गावाने, दर आठवड्याला कर भरावा. कमीत कमी १ पेनी, जास्तीत जास्त ६ पेन्स. हा पैसा काउंटीच्या खजिनदाराकडे जमा व्हायचा आणि त्यातून जखमी शिपायाला त्याच्याच भागात पेन्शन मिळायची. चिठ्ठी राणीची आणि पैसा गावाचा, म्हणजे पूर्ण गावनिसबत कारभार. गावे कुरकुरत, खजिनदार टाळाटाळ करीत. पण एक गोष्ट झाली. परतलेला शिपाई ही गावाची जबाबदारी आहे, हे तत्त्व कायद्याच्या भाषेत लिहिले गेले. पुढे १६८२ साली चेल्सीच्या सैनिकी आश्रमाचा पाया घातला गेला, आणि हळूहळू हा भार मध्यवर्ती सरकारने आपल्या खांद्यावर घेतला.

अमेरिकेतले एक उदाहरण याहूनही बोलके आहे. तेथील यादवी युद्ध १८६५ साली संपले. वीस वर्षांनी त्या युद्धातले शिपाई म्हातारे झाले, काही भिकेला लागले. ओहायो राज्याने १८८६ साली कायदा करून प्रत्येक काउंटीत सैनिक साह्य मंडळ स्थापले आणि त्यासाठी काउंटीला घरादारांवर जादा कर बसविण्याचा अधिकार दिला. दराची मर्यादाही ठरवून दिली. या मर्यादेपर्यंत मंडळ मागेल ती रक्कम देणे काउंटीवर बंधनकारक. अधिकार दिला, जबाबदारी दिली आणि पैसा उभारण्याचे साधनही दिले. ही तीन गोष्टींची मोट एकत्र बांधलेली असली म्हणजेच स्थानिक स्वराज्य या शब्दाला अर्थ येतो. आपल्याकडे ती बहुधा सुटी सुटीच मिळाली.

पहिले महायुद्ध आले आणि हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. उमरेड-भिवापूरच्या मार्गाने जाणारी नागपूर-नागभीड ही अरुंद रुळांची गाडी तेव्हा नवीनच होती. ती १९०८ साली सुरू झाली होती. साताऱ्याच्या मानाने आपल्या भागातून भरती थोडी. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले आणि त्यांच्या नावाने सरकारने तेथे स्मारकाचा दगड बसविला. गावाने माणसे दिली, सरकारने दगड दिला. हा व्यवहार तुम्हीच मनाशी तोलून पाहा.

पण त्या दगडाबरोबर सरकारला एक व्यवस्थाही करावी लागली. १९१७ साली भरतीसाठी एक मध्यवर्ती मंडळ नेमले होते. युद्ध संपताच, १९१९ साली, त्याचेच सैनिक मंडळात रूपांतर झाले. माणसे गोळा करण्यासाठी काढलेले कार्यालय त्याच माणसांची विचारपूस करण्याच्या कामाला लागले. याच्या शाखा प्रांतोप्रांती, जिल्ह्याजिल्ह्यांत निघाल्या. आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड आणि नागपूरचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ही याच वंशातली. मात्र येथे एक वळण पडले. जिल्ह्याचे सैनिक मंडळ कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली उभे राहिले. जिल्हा कौन्सिलाच्या नव्हे. खर्च केंद्राने आणि राज्याने वाटून घ्यावा असे ठरले. स्थानिक संस्थेचा त्यात वाटा नाही. वाटा नाही म्हणून बोजा नाही, हे खरे. पण वाटा नाही म्हणून तोंडही नाही, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या महायुद्धात ही गोष्ट आणखी ठळक झाली. त्या युद्धात २५ लाखांवर हिंदी माणसे सैन्यात होती. दर लढाऊ शिपायामागे महिना २ रुपये आणि बिनलढाऊ माणसामागे १ रुपया या हिशेबाने सरकारने एक पुनर्रचना निधी बाजूला काढला. युद्धानंतर तो प्रांतांना वाटला गेला. युद्धापुरते भरती झालेले लाखो लोक पेन्शनीविना घरी परतले होते, त्यांच्यासाठीच तो पैसा. पण तो प्रांताच्या हाती राहिला. गावात परतलेल्या माणसाला गरज कशाची, विहिरीची की शिवणयंत्राची, हे गावाला ठाऊक. पैसा कोठे आहे हे मात्र गावाला ठाऊक नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्या प्रांतात एक धाडसी प्रयोग झाला, त्याविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. मध्यप्रांत-वऱ्हाडचे स्थानिक स्वराज्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांनी १९४८ साली जनपद सभा स्थापल्या. जिल्हा कौन्सिले मोडून प्रत्येक तहसिलीला एक सभा. भिवापूरचा कारभार उमरेडच्या जनपदाकडे आला. कल्पना अशी, की तहसील हेच लोकांच्या ओळखीचे क्षेत्र. तेथेच अधिकार असावा. प्रयोग आम्हांला आवडतो. पण अधिकार मोठे आणि पैसा थोडा ही जुनी व्याधी जनपदांनाही जडली, आणि पैसा उभारायला जावे तर काय होते हे छिंदवाड्याच्या जनपदाने अनुभविले. तेथे कोळशावर टनामागे ३ पै कर जुन्या खाण-बोर्डाच्या काळापासून होता. तो पुढे ९ पैपर्यंत चढविला गेला. खाणवाले कोर्टात गेले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. सरकारची आगाऊ मंजुरी न घेता केलेली वाढ बेकायदा ठरली. मध्यप्रदेशाच्या विधानसभेने १९६४ साली कायदा करून ती वाचविण्याचा यत्न केला, आणि १९७० साली तोही न्यायालयात टिकला नाही. एका तहसिलीच्या सभेने टनामागे ६ पै अधिक मागितले, आणि उत्तर दिल्लीतून यायला वर्षानुवर्षे लागली. स्थानिक संस्थेचा अधिकार म्हणजे वरून सोडलेली दोरी. लांबी सोडणाऱ्याच्या हाती.

१९५९ साली मुंबईचा ग्रामपंचायत कायदा आणि १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या; जनपदे गेली. हा इतिहास श्रोत्यांना परिचित आहे, म्हणून त्यावर आम्ही थांबत नाही. थांबायचे ते संविधानाच्या याद्यांपाशी. सातव्या अनुसूचीत सैन्य हा विषय केंद्राकडे, आणि केंद्राने द्यायची पेन्शनेही केंद्राकडे. स्थानिक संस्था हा विषय राज्याकडे; अपंगांना आणि काम न करू शकणाऱ्यांना साह्य हाही राज्याकडेच. मग १९९२ साली ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली, आणि पंचायतींना देता येण्याजोगे २९ विषय अकराव्या अनुसूचीत, नगरसंस्थांना देता येण्याजोगे १८ विषय बाराव्या अनुसूचीत लिहिले गेले. या दोन्ही याद्या आम्ही वरपासून खालपर्यंत वाचल्या. शेती आहे, जमीन सुधारणा आहे, मासेमारी आहे, वाचनालये आहेत, बाजार आणि जत्रा आहेत. शहरांच्या यादीत स्मशाने आणि कोंडवाडेही आहेत. माजी सैनिक हा शब्द कोठेही नाही.

तो शिरू शकतो फक्त एका दाराने. अकराव्या अनुसूचीतल्या २६ व्या विषयात समाजकल्याण आहे, त्यात अपंगांचे कल्याण आहे. २७ वा विषय दुर्बल घटकांचा. म्हणजे सैनिक लंगडा झाला, आंधळा झाला, निराधार झाला, तर पंचायतीच्या कक्षेत येतो. धडधाकट परतला तर येत नाही. कायदा त्याच्या सेवेला ओळखत नाही, त्याच्या व्यंगाला ओळखतो. यात कोणाचा दुष्टावा आहे असे आम्ही म्हणत नाही. याद्या करणाऱ्यांनी सैनिकाला केंद्राचा माणूस समजून सोडून दिले, इतकेच.

मग एखाद्या सरपंचाने मनावर घेतले तर? समजा, त्याने ठराव केला की गावच्या माजी सैनिकांना दवाखान्याला जाण्यासाठी पंचायतीच्या निधीतून गाडीभाडे द्यावे. सभेत टाळ्या पडतील. वर्षभराने लेखापरीक्षक येईल आणि विचारील, हा खर्च कोणत्या कलमाखाली? आपल्याकडे स्थानिक निधीच्या लेखापरीक्षणाचा कायदा १९३० चा आहे, आणि बेकायदा ठरलेली रक्कम खर्च करणाऱ्याच्या अंगावर टाकण्याची सोय त्यात आहे. टाळ्या सर्वांच्या, वसुली मात्र सरपंचाची आणि ग्रामसेवकाची! म्हणून शहाणा ग्रामसेवक असा ठराव लिहिण्यापूर्वी चष्मा पुसण्यात बराच वेळ घालवितो.

शिवाय पंचायतीचा स्वतःचा पैसाही आधीच वाटलेला असतो. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकांसाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावा असे राज्याचे नियम आहेत. हे वाटे योग्यच आहेत. पण त्यांवरून एवढे दिसते, की पंचायतीला खर्च करायला लावायचे तर राज्याला ते जमते. इच्छा झाली पाहिजे. सैनिकांच्या बाबतीत राज्याने हा मार्ग न घेता दोन वेगळे मार्ग घेतले. एक नोकऱ्यांचा. वर्ग तीन आणि चारच्या पदांत १५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी, आणि त्यात जिल्हा परिषदेच्या जागाही आल्या. दुसरा मार्ग करमाफीचा.

शौर्यपदकांचे मानकरी आणि सैनिकांच्या विधवा यांना घरपट्टीत सवलत आधीपासून होती. २०२० साली राज्याने 'बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना' जाहीर केली आणि ती सवलत सर्व माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना, एका घरापुरती, लागू केली. गावात आणि शहरात दोन्हीकडे. योजना चांगली आहे. रक्कम फार मोठी नसते, पण पावतीवर आपल्या सेवेची नोंद झालेली पाहून एखाद्या वृद्ध हवालदाराला काय वाटत असेल याची कल्पना आपण करू शकतो. आम्हांला त्यात खोड काढायची नाही. आम्हांला फक्त तो जुना प्रश्न विचारायचा आहे: दिवाणनिसबत की गावनिसबत?

घोषणा राज्याची. नाव राज्याने ठेवलेले. आणि माफ झालेला कर गावचा. केंद्राचा आयकर नव्हे, राज्याचा विक्रीकर नव्हे. गावच्या दिवाबत्तीचा आणि नालीचा पैसा. गाव दिव्यांची संख्या कमी करीत नाही, नळाच्या मोटारीचे वीजबिल कमी होत नाही. म्हणजे सूट जेवढी, तेवढा भार उरलेल्या घरांवर. गावनिसबत इनामाचा हिशेब नेमका असाच असे. फरक एकच: तेव्हा गाव स्वतः बसून ठरवीत असे, आता ठरविले वर आणि गावाने अंमल करायचा. म्हणजे गावाच्या हाती जुन्या गावनिसबत इनामाचा खर्च आला, मान मात्र आला नाही. इनाम दिवाणाचे आणि सारा गावाचा, अशी ही तिसरीच जात आहे. तिला जुन्या दप्तरात नाव नाही.

यावर कोणी म्हणेल, दोनचार घरांची घरपट्टी ती काय? ज्या गावात दोनचार सैनिक आहेत तेथे खरेच काही नाही. पण अपशिंग्यासारख्या गावाचा विचार करा, जेथे घराघरांतून माणूस पलटणीत जातो. ज्या गावाने देशाला सर्वांत जास्त माणसे दिली, त्याच गावाच्या तिजोरीत सर्वांत मोठा खड्डा पडायचा. हा न्याय उलटा आहे. माफीचा निर्णय करणाऱ्याने भरपाईची रक्कमही त्याच कागदावर लिहावी, एवढीच मागणी गावांनी केली पाहिजे, आणि ती सैनिकांनीच पुढे होऊन करावी असे आम्हांला वाटते. आपल्या सन्मानासाठी शेजारणीच्या पाणीपट्टीत वाढ व्हावी, हे कोणत्याही मानी शिपायाला रुचणार नाही.

आता भिवापूरविषयी. आमचे गाव मिरचीचे. त्या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. गाव तालुक्याचे झाले, ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, आणि तो अरुंद रुळांचा मार्ग रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाला. नगरपंचायत म्हणजे १९६५ च्या कायद्याखालची संस्था. त्या कायद्यात नगरसंस्थेची कर्तव्ये दोन प्रकारची आहेत, काही आवश्यक आणि काही ऐच्छिक. आवश्यक कर्तव्ये तिने केलीच पाहिजेत. ऐच्छिक कामे पैसा उरला तर करावीत. सार्वजनिक सोयी, वाचनालये, बागा, सभागृहे अशा कामांना तेथे जागा आहे. सैनिकाच्या हाती रोख रक्कम देणे कठीण; पण सर्वांसाठी असलेल्या सोयीतून सैनिकाची सोय करणे कठीण नाही. हा भेद आमच्या नगरसेवकांनी नीट समजून घ्यावा.

याचे एक साधे उदाहरण घेऊ. करमाफीसाठी असो, मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी असो, की विधवेच्या पेन्शनीतल्या नावाच्या चुकीसाठी असो, माणसाला नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा कागद लागतो. भिवापूर उमरेडच्याही पुढचे. म्हाताऱ्या माणसाने पहाटेची बस धरायची, दिवस खर्ची घालायचा, आणि एक कागद घरी राहिला म्हणून रिकाम्या हाताने परतायचे. ७ डिसेंबरला ध्वजदिन येतो. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. जिल्ह्याला निधीचे उद्दिष्ट दिले जाते, आणि गावोगावचे कर्मचारी छोटे ध्वज देऊन पैसे गोळा करतात. पैसा गावाकडून जिल्ह्याकडे जाण्याची वाट इतकी वहिवाटीची आहे. मग जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने कागद आणि शिक्का घेऊन त्याच वाटेने गावाकडे यायला हरकत कसली? नगरपंचायतीने आपल्या इमारतीतली एक खोली, एक टेबल, चार खुर्च्या आणि पिण्याच्या पाण्याचा माठ महिन्यातून एक दिवस मोकळा ठेवावा, आणि सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना त्या दिवसाचे पत्र लिहावे. आठवड्याच्या बाजाराचा दिवस धरला तर आसपासच्या खेड्यांतली माणसेही येतील. या खोलीला नवे कलम लागत नाही, मंत्रालयाची मंजुरी लागत नाही, आणि लेखापरीक्षकाने विचारलेच तर दाखवायला माठाची पावती पुरेल.